पेरिप्लसमधील ग्राहकसेवा : कामरेज, भडोच आणि कल्याण

ग्राहकसेवेचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा वागणुकीपाशी येऊन थांबते. खिडकीवरील माणसाने हसून बोलावे, दूरध्वनी तत्परतेने उचलावा, पत्राचे उत्तर नम्र भाषेत द्यावे, अशा सूचना प्रशिक्षणवर्गांतून दिल्या जातात. त्या चुकीच्या नाहीत. परंतु गिऱ्हाइकाचे नुकसान पुष्कळदा तो खिडकीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेले असते. कोणते कागद लागतील हे न कळल्यामुळे त्याची एक फेरी वाया जाते. माल कोठे व कोणत्या वेळी उतरवून घेतला जातो हे ठाऊक नसल्यामुळे त्याची गाडी दोन दिवस अडकून पडते. त्यानंतर समोरच्या माणसाचे हसू त्याच्या फारसे कामी येत नाही. व्यवहाराच्या या पहिल्या टप्प्याचा विचार करावयाचा झाल्यास, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेले एक छोटे ग्रीक पुस्तक आजही उपयोगी पडते. पश्चिम भारताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याचा भरपूर उपयोग केला आहे. विक्री व पत्रव्यवहार हे ज्यांचे रोजचे काम आहे त्यांचे मात्र त्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

या पुस्तकाचा एक धागा सुरत जिल्ह्यातील कामरेजशी जाऊन मिळतो. कामरेज हे तापीकाठचे गाव सुरत शहरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर असून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग त्याच्या लगत जातो. बडोद्याच्या गायकवाडांच्या अमदानीत ते संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तेव्हापासून १ मे १९६० पर्यंत कामरेजचा कारभार मुंबईहूनच पाहिला जाई. उपरोक्त ग्रीक पुस्तकात ‘कम्मोनी’ नावाच्या एका गावाचा उल्लेख आहे. टॉलेमीच्या भूगोलात येणारे ‘कमाने’ हेही त्याचेच नाव असावे. हे गाव म्हणजे आजचे कामरेज, असे अनेक अभ्यासक मानतात. कामरेज समुद्रापासून बरेच आत आहे ही एक अडचण खरी. तथापि नदीमार्गाने आत असलेली बंदरे ही या किनाऱ्यावर नवलाची गोष्ट नव्हे. २००३ साली येथे झालेल्या उत्खननात परदेशांतून आलेल्या भांड्यांची खापरे मिळाली, त्यामुळे या मताला बळकटी आली.

पुस्तकाचे नाव ‘पेरिप्लस’, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या प्रवासाचे टिपण. लेखकाने आपले नाव दिलेले नाही. तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक भाषिक व्यापारी होता आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो स्वतः येऊन गेला होता, एवढे त्याच्या लिखाणावरून निःशंकपणे म्हणता येते. एकंदर ६६ लहान लहान परिच्छेदांत त्याने तांबड्या समुद्रापासून गंगेच्या मुखापर्यंतची बंदरे सांगितली आहेत. दहाव्या शतकातील एका हस्तलिखितामुळे हा मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला. तो राजाचा भाट नव्हता, तत्त्वज्ञ नव्हता, आणि शैलीकारही नव्हता; ग्रीकचे जाणकार त्याच्या वाक्यरचनेला नावेच ठेवतात. आपल्याच धंद्यातील दुसऱ्या माणसाला काय माहीत असले पाहिजे, एवढाच प्रश्न त्याच्यासमोर होता. त्यामुळे त्या काळातील एका व्यवसायी विक्रेत्याची मते आपल्याला येथे जशीच्या तशी मिळतात.

कम्मोनीचा उल्लेख कोणत्या संदर्भात येतो हे पाहिले पाहिजे. त्या काळी पश्चिम भारतातील सर्वांत मोठी बाजारपेठ भडोच ही होती. ग्रीक लोक तिला बॅरिगाझा म्हणत. भडोचचे वर्णन करावयास बसलेला कोणताही हौशी लेखक तेथील वैभवापासून सुरुवात करील. आपला लेखक सुरुवात करतो ती तेथे जहाज कसे फुटते यापासून. खंबातच्या आखाताचे तोंड अरुंद आहे. आत शिरताना उजव्या हाताला, कम्मोनी गावासमोर, हेरोने नावाची खडकांची लांब व चिंचोळी रांग आहे. डाव्या बाजूचे भूशिरही सुरक्षित नाही. तेथे प्रवाह जोराचा असून तळचे खडक इतके धारदार आहेत की, नांगरांचे दोर तुटून जातात. हे सर्व चुकवून आखातात प्रवेश मिळाला तरी भडोचच्या नदीचे मुख दुरून दिसत नाही, कारण किनारा सखल आहे. आणि मुख सापडले तरी आत वाळूचे दांडे आहेत.

यानंतर तो भरती-ओहोटीकडे वळतो आणि येथे तो इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा अधिक रेंगाळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी किती वेगाने चढते, ओहोटीला समुद्राचा तळ कसा उघडा पडतो, नुकतीच जेथे जहाजे चालत होती तेथे कोरडी जमीन कशी दिसू लागते, उधाणाचा आवाज किती दुरून ऐकू येतो, हे त्याने बारकाईने सांगितले आहे. नवख्या तांडेलाचे जहाज अशा वेळी आत सापडले तर नांगरही त्याला धरून ठेवू शकत नाहीत, असा इशारा तो देतो. यात अतिशयोक्ती नाही. खंबातच्या आखातातील भरती-ओहोटीचा फरक आजही दहा मीटरांच्या आसपास जातो. भारतीय किनाऱ्यावर इतका फरक अन्यत्र आढळत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोळ्यालाही तेथील पाण्याची नव्याने ओळख करून घ्यावी लागेल.

आता हा क्रम ध्यानात घ्यावा. धोका आधी आणि मालाची यादी नंतर. भडोचच्या आयातीचा तपशील सहा परिच्छेद पुढे, ४९व्या परिच्छेदात येतो. व्यापारी पत्रलेखनात आपण नेमके याच्या उलट करतो. आपल्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर संस्थेची परंपरा असते, दुसऱ्यावर मालाचे गुण असतात, आणि माल बदलून केव्हा मिळणार नाही, रक्कम केव्हा परत होणार नाही, अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला जातो, हे शेवटी बारीक टाइपात असते. शासकीय परिपत्रकेही याला अपवाद नाहीत. अर्जासोबत जोडावयाच्या सात कागदांची यादी सापडेपर्यंत वाचकाला चार संदर्भ क्रमांक ओलांडावे लागतात. अडचण आधी सांगितली तर गिऱ्हाईक बिचकेल, अशी भीती यामागे असते. पेरिप्लसच्या लेखकाला ती भीती वाटली नाही; इतके धोके सांगूनही भडोचला जाऊ नका, असे तो कोठेही म्हणत नाही. खडक कोठे आहे हे समजलेला माणूस जहाज घेऊन निघतो. न समजलेला एक तर निघतच नाही, किंवा निघून बुडतो, आणि दोन्ही प्रकारांत बंदराची जकात बुडतेच.

धोका सांगितल्यावर त्याच्या निवारणाची कोणती सोय आहे, हे ४४व्या परिच्छेदात येते, आणि ग्राहकसेवेच्या दृष्टीने हा पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. आखाताच्या मुखाची वाट अशी बिकट असल्यामुळे राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी आपल्या मोठ्या नावा घेऊन बाहेर सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जातात आणि येणाऱ्या जहाजांना वाट दाखवीत भडोचपर्यंत आणतात, असे तो सांगतो. या नावांची नावे त्याने ‘त्रप्पग’ व ‘कोटिंब’ अशी दिली आहेत. ‘अंगविज्जा’ या जैन प्राकृत ग्रंथात नौकांच्या नावांमध्ये याच प्रकारचे शब्द येतात, तेव्हा परदेशी माणसाने ती बरोबर ऐकून टिपली होती, असे म्हणावयास हरकत नाही. हे वाटाडे जहाज दोराने ओढीत वाळूच्या दांड्यांमधून नेत. भरती लागली की पुढे सरकावयाचे, ओहोटी सुरू झाली की ठरलेल्या खोल जागी थांबावयाचे, असा त्यांचा शिरस्ता होता. मुखापासून भडोच सुमारे ३०० स्टेडिया, म्हणजे पन्नासएक किलोमीटर आत, आणि या अंतरातील थांबे आधीच निश्चित केलेले होते.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली ही की, बंदराने आपली सेवा धक्क्यावर सुरू केली नाही. गिऱ्हाईक जेथे गोंधळतो ती जागा शोधून काढली आणि माणूस तेथे नेऊन उभा केला. दुसरी गोष्ट नेमणुकीची. हे काम दरबारातील लेखनिकाकडे सोपविले नाही. ज्यांचे आयुष्य त्या पाण्यात गेले त्या कोळ्यांकडे दिले. माहिती ज्याच्याजवळ आहे तोच माणूस गिऱ्हाइकासमोर असावा, हे तत्त्व कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात मोठ्या कार्यालयांत चौकशीच्या खिडकीवर बहुधा सर्वांत नवीन कर्मचारी बसविलेला असतो आणि ज्याला उत्तर ठाऊक असते तो आतल्या दालनात असतो. या सेवेबद्दल काही शुल्क घेत होते किंवा कसे, याचा लेखकाने उल्लेख केलेला नाही. दराच्या बाबतीत एरवी जागरूक असलेल्या माणसाचे हे मौन लक्षात राहते.

यानंतर मालाची यादी येते. तिच्यातील प्रत्येक शब्द अनुभवाने तोललेला दिसतो. भडोचला मद्य खपते, पण इटलीच्या मद्याला अधिक पसंती आहे. तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, रंगीत कमरपट्टे यांना मागणी आहे. सुगंधी लेप न्यावे, परंतु ते स्वस्त असावेत आणि तेही फार नेऊ नयेत. रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना थोडा नफा होतो. राजासाठी न्यावयाच्या वस्तूंची, म्हणजे चांदीची मूल्यवान भांडी, उत्तम मद्य, तलम वस्त्रे इत्यादींची नोंद स्वतंत्र आहे. सर्वसाधारण गिऱ्हाईक आणि एकच मोठे गिऱ्हाईक यांच्या गरजा एका यादीत मिसळावयाच्या नसतात, हे या लेखकाला पुरते उमगले होते. लेपांविषयीची ती सूचना तर विक्री विभागाच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखी आहे. काय खपेल हे सर्वच सांगतात. काय किती खपणार नाही हे सांगणारा विरळा.

निघण्याचा महिना सांगताना तो जुलै हे रोमन नाव देतो आणि लगेच इजिप्तमधील ‘एपिफी’ हे नावही जोडतो. वाचकांपैकी काही एक पंचांग पाहतील, काही दुसरे. एका शब्दाच्या खर्चात दोघांचीही सोय झाली. आपल्याकडे खेड्यातील शेतकऱ्याला केवळ इंग्रजी तारीख कळविणारी आणि मृगाचा वा हस्ताचा उल्लेख टाळणारी पत्रके निघतात, त्यांच्या लेखकांनी ही युक्ती पाहावी.

भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाचा मोठा भाग दख्खनच्या पठारावरून येत असे. पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तेर, असा हिशेब त्याने दिला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर तेव्हा मोठे शहर होते. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून साधे व तलम कापड गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला उतरत असे. नकाशा समोर ठेवला की साहजिकच प्रश्न पडतो : पैठणचा माल जवळच्या कल्याणला का जात नव्हता? नाणेघाट तर त्याच वाटेवर आहे.

त्याचे उत्तर ५२व्या परिच्छेदात मिळते. थोरल्या सरगनेसच्या, म्हणजे कोण्या सातवाहन राजाच्या काळी कल्याण ही रीतसर मान्यता असलेली बाजारपेठ होती. पुढे ती संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारात फार अडथळे आले. आता एखादे ग्रीक जहाज चुकून त्या बाजूला गेले तर ते पहाऱ्याखाली भडोचला नेले जाते, असे लेखक लिहितो. हा संदनेस कोण याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पहाऱ्याचा अर्थही दोन प्रकारे लावतात : कोणी त्यास नाकेबंदी म्हणतात, कोणी संरक्षण. त्या वेळी नहपानाचे क्षहरात घराणे व सातवाहन यांच्यात किनाऱ्याच्या स्वामित्वासाठी झगडा चालू होता, हे मात्र निश्चित. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. त्या झगड्याचा शेवट कसा झाला, ते या नाण्यांवरून दिसते.

राजकारण बाजूला ठेवून व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र असे दिसते. कल्याणच्या बाजारासाठी निवडून आणलेला माल त्याला दुसऱ्याच बाजारात, दुसऱ्याच्या मर्जीने उतरवावा लागे. भडोचच्या तोंडाशी वाट दाखवावयास येणारी नावही राजाचीच, आणि येथे पहाऱ्याला असणारी सत्ताही त्याच बाजूची असण्याचा संभव आहे. सेवा आणि सक्ती एका हातात असू शकतात, ही गोष्ट शासकीय कामकाजात तर विशेष जाणवण्यासारखी आहे. ज्या कार्यालयाला पर्यायच नाही तेथे नागरिक येणारच. मग त्याच्यासाठी नाव बाहेर पाठवावी कशाला, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. लेखक येथे संताप व्यक्त करीत नाही, गाऱ्हाणेही मांडत नाही. कोरडी दोन वाक्ये लिहितो आणि पुढील बंदराकडे वळतो. ती वाक्ये वाचणारा प्रत्येक जण मात्र कल्याणचे नाव आपल्या यादीतून काढून टाकणार, हे उघड होते. दुखावलेले गिऱ्हाईक तक्रारवहीत काय लिहिते याची आपण मोजदाद ठेवतो. ते आपल्या भाईबंदांना काय कळविते, ते आपल्यापर्यंत कधीच येत नाही.

नहपानाच्याच काळातील दुसरे एक साधन महाराष्ट्रात आहे, आणि त्यात कामरेजची तापी पुन्हा भेटते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी इत्यादी ठिकाणी त्याने नावांनी विनामूल्य उतार सुरू केला, आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विश्रांतीसाठी सभा व पाणपोया बांधल्या, असे त्यात नमूद आहे. भडोच, सोपारा, गोवर्धन व दशपूर येथे त्याने धर्मशाळा बांधल्या. हेतू पुण्याचा होता हे खरेच. पण भडोच ते सोपारा हा मार्ग चालणाऱ्या व्यापाऱ्याला नेमक्या याच ठिकाणी खोळंबा होत असे. पाणपोई दोन्ही तीरांवर, हा तपशीलही सहज सुटला असता. नाव पलीकडे गेली असली तर अलीकडच्या माणसाला थांबावे लागते.

त्याच लेण्यातील दुसरा लेख व्यापारी पत्रव्यवहाराचा नमुना म्हणून वाचण्याजोगा आहे. उषवदाताने लेण्यातील भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. पहिल्या रकमेतून पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर शेकडा एक दराने महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस; आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. एक नाणे शिल्लक नाही की कमी नाही. शेवटी, हे सर्व निगमसभेत जाहीर केले असून रिवाजाप्रमाणे फलकावर त्याची नोंद झाली आहे, असे सांगितले आहे. रक्कम, दर, हेतू, लाभार्थी, साक्ष व नोंद, या सहाही गोष्टी इतक्या थोड्या जागेत आलेले पत्र आजच्या कार्यालयांतून क्वचितच बाहेर पडत असेल.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी यांचा तपशील सूचनाफलकावर लावणे बंधनकारक झाले आहे. ‘फलक’ हा शब्द उषवदाताच्या लेखापासून आपल्या नोटीस बोर्डापर्यंत टिकून राहिला ही मौजेची गोष्ट. मात्र पुष्कळ ठिकाणी हा फलक कार्यालयाच्या आत, रांगेच्या शेवटी, खिडकीच्या वर लावलेला आढळतो. अर्जदार तो वाचू शकतो तेव्हा त्याचा अर्धा दिवस संपलेला असतो आणि कागद घरी राहिलेला असतो. कायद्याचे पालन होते; परंतु नाव सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात नाही. तोच तपशील ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, बाजाराच्या दिवशी बस-स्थानकावर, किंवा अर्जाच्या नमुन्याच्या पहिल्या चार ओळींत आला तर किती फेऱ्या वाचतील, हे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी एक महिना नोंद ठेवून पाहता येईल. आवक-जावक नोंदवहीत अपूर्ण म्हणून परत गेलेल्या अर्जांचा वेगळा रकाना आखला, आणि परतीचे कारण एका शब्दात लिहिले, की आपल्या कार्यालयाचा हेरोने खडक नेमका कोठे आहे ते दिसू लागते.

कल्याणच्या बाबतीत एवढे सांगावयाचे राहिले. सातवाहनांचा अंमल पुन्हा बसल्यावर हे बंदर सावरले. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण व सोपारा येथील रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, त्यांवरून तेथील व्यापारी वर्ग पुन्हा संपन्न झाला होता असे दिसते. परदेशी व्यापाऱ्याच्या लेखणीतून कल्याणचे नाव चांगल्या अर्थाने उतरावयास मात्र बराच काळ जावा लागला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापार सोडून भिक्षू झालेला लेखक भारतातील नावाजलेल्या बाजारपेठांत ‘कल्लियाना’ची गणना करतो आणि तेथून पितळ, लाकडाचे ओंडके व कापड बाहेर जाते, अशी नोंद करून ठेवतो.